बुटकं डुक्कर आणि त्याची ऊ: तुलनेचा तक्ता कसा करायचा

भाचीला शाळेत दोन सजीवांची तुलना करून आणायला सांगितली, वाघ-सिंह पोरांनी आधीच पळवलेले, मग आम्ही पिग्मी हॉग आणि त्याच्या अंगावरची ऊ घेतली. कुणाला करायचं असेल तर असं करा.

आधी डुक्कर नीट ओळखा. आपल्याकडं सोलापूरजवळ नान्नजच्या बाजूला पिकात घुसतं ते रानडुक्कर हे नव्हे. हे आसामातलं, खांद्यापाशी जेमतेम 25 सेंमी, वजन 6 ते 10 किलो, म्हणजे ज्वारीच्या पिकात उभं केलं तर दिसणारसुद्धा नाही. 1847 ला हॉजसन या इंग्रज निसर्ग अभ्यासकानं नोंदवलं, मधे संपलंच असं धरलेलं, 1971 ला परत सापडलं. जुन्या पुस्तकात शास्त्रीय नाव 'सस साल्वानिया' दिसेल, तिथं गडबडू नका, 2007 च्या जनुकीय अभ्यासानंतर परत 'पॉर्क्युला साल्वानिया' झालंय.

उवेचं शास्त्रीय नाव 'हिमॅटोपायनस ऑलिव्हेरी', 1978 ला वर्णन झालं. चित्र काढताना पाय मोजा बे, सहाच! भाचीनं आठ काढले, ती गोचीड झाली, अख्खं चित्र परत काढलं. पंख नाहीत, पायाला केस धरायला नखं, अंडी म्हणजे लिखा केसालाच चिकटवते.

आता तक्ता. लांबी-वजनाचा रकाना एका ओळीत उरका, त्यात काय गंमत नाही. खरा रकाना 'घर कुठं' हा, त्याला मोठी जागा सोडा. डुकराचं घर उंच ओलसर गवत, त्यातच गवताचं घरटं करून झोपतं, कंदमुळं-किडे खातं; उवेचं घर म्हणजे ते डुक्करच, दुसऱ्या कुठल्या जनावरावर ती सापडत नाही आणि रक्ताशिवाय तिला काही चालत नाही. म्हणून गवत जाळलं, शेतीखाली गेलं की डुक्कर जातं, आणि त्याच्याबरोबर ऊ आपोआप. गवताळ माळ कमी झाले की काय होतं हे माळावरच्या माळढोक पक्ष्यामुळं सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

शेवटचा रकाना आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या जीवांच्या लाल यादीचा: डुक्कर 'संकटग्रस्त', ऊ 'अतिसंकटग्रस्त', म्हणजे तिची अवस्था डुकरापेक्षा वाईट. हे लाल स्केचपेननं लिहा. वर्गात कोणीतरी "उवा वाचवायच्या कशाला?" म्हणून हसणारच, भाचीनं तेच वाक्य तक्त्याच्या वर मोठ्या अक्षरात लिहून टाकलं.