जीएसटीचे दर कोडमधून बाहेर कसे काढाल?

२२ सप्टेंबर २०२५ ला तुपावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. दुकानासाठी लिहिलेल्या माझ्या जुन्या बिलिंग प्रोग्रॅममध्ये हा १२ अकरा ठिकाणी निघाला. दहा मी शोधले. अकरावा १.१२ होऊन रिपोर्टमध्ये लपला होता, तो दुकानदाराने दाखवला.

तेव्हा पहिलं काम शोधाचं. कोडमध्ये १२, ०.१२, १.१२ शोधा आणि ६ सुद्धा, कारण सीजीएसटी, म्हणजे केंद्राचा वाटा, निम्मा असतो. उद्या सरकारने आकडा बदलला तर कोडला हात लावावा लागेल का? लागत असेल तर तो आकडा डेटा आहे, चुकीच्या जागी बसलाय.

मग डेटाबेसमध्ये दरांचं टेबल करा. एचएसएन (मालाचा वर्गीकरण क्रमांक, तुपाचा ०४०५), दर, लागू तारीख:

०४०५ | १२ | १ जुलै २०१७
०४०५ | ५ | २२ सप्टेंबर २०२५

जुन्या ओळीवर नवा दर लिहू नका. ऑगस्टमध्ये विकलेलं तूप ऑक्टोबरमध्ये परत आलं, तर क्रेडिट नोट १२ टक्क्यांनीच निघायला हवी. त्यासाठी बिलाच्या प्रत्येक ओळीतही त्या दिवशीचा दर साठवून ठेवा.

आता हिशोबाचं फंक्शन. त्याला रक्कम, दर आणि माल राज्याबाहेर जातोय का एवढंच द्या. डेटाबेस, स्क्रीन, आजची तारीख यांचा त्याला वासही लागू नये. रकमा पैशांत, पूर्णांकात ठेवा. ५०,००० पैशांवर ५ टक्के म्हणजे २,५००. राज्यातल्या राज्यात १,२५० सीजीएसटी आणि १,२५० एसजीएसटी (राज्याचा वाटा), माल बाहेर गेला तर सगळा आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी). ही वाटणी मात्र नियम आहे, ती कोडमध्येच राहू द्या. उत्साहाच्या भरात नियमही टेबलात कोंबले, की टेबलातच एक अर्धीकच्ची प्रोग्रॅमिंग भाषा तयार होते आणि ती डीबग करताना रडू येतं.

कपड्यांपाशी जरा थांबावं लागतं. नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८. किंमत मर्यादेशी ताडून बघणं कोडचं काम. २,५०० हा आकडा टेबलातला, कारण पूर्वी तोच १,००० होता.

दर शोधणाऱ्या फंक्शनला बिलाची तारीख आणि दरांची यादी बाहेरून द्या. मग तुपाच्या वरच्या दोन ओळी हातात देऊन २१ आणि २२ सप्टेंबरची बिलं डेटाबेस न उघडता तपासता येतात.