बूटलोडर शिकताय? एम्युलेटरला एल्फ फाइल देऊ नका

पुण्यात एम्बेडेडच्या (यंत्रांत बसवलेल्या छोट्या संगणकांच्या) मुलाखतीला गेलात, मग ती कंपनी हिंजवडीतली असो, मगरपट्ट्यातली असो की चाकणच्या गाड्यांसाठी ईसीयू (गाडीतला कंट्रोल संगणक) बनवणारी, स्टार्टअप कोडवर, म्हणजे चिप सुरू होताच पहिल्यांदा चालणाऱ्या कोडवर, प्रश्न येतोच. रीसेटनंतर पहिली इन्स्ट्रक्शन कुठून उचलली जाते? 'डेटा' सेक्शन (सुरुवातीची किंमत दिलेली ग्लोबल व्हेरिएबल) फ्लॅशमधून रॅममध्ये कोण नेतं? 'बीएसएस' (किंमत न दिलेली ग्लोबल व्हेरिएबल) कोण शून्य करतं? सी-डॅकचा डेसडी हा एम्बेडेडचा डिप्लोमा केलेल्या मुलामुलींना ही उत्तरं तोंडपाठ असतात. गाडी अडते ती पुढच्या प्रश्नावर: 'तुमचा कोड हे खरंच करतो, हे कशावरून?' यावर 'एम्युलेटरमध्ये चालतं ना' असं उत्तर आलं, की समोरचा समजून जातो.

या उत्तरात काय कच्चं आहे, तेच इथे सांगायचं आहे. एम्युलेटरला, म्हणजे खऱ्या बोर्डची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरला, माझा अजिबात विरोध नाही. बूटलोडर, म्हणजे मुख्य सॉफ्टवेअर चढवणारा पहिला प्रोग्राम, शिकायला क्यूएमू या एम्युलेटरसारखं साधन नाही. बोर्ड घ्यायला पैसे नसतील तर अडून राहू नका. अभ्यासिकेत बसून आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर हे सगळं होतं, आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली तरी बॅटरीवर काम चालू राहतं.

सुरुवात यू-बूट या तयार ओपन सोर्स बूटलोडरपासून करा. उबुंटूवर एआर्च६४चा (६४-बिट एआरएमचा) क्रॉस कंपायलर, बायसन, फ्लेक्स, स्विग, डिव्हाइस ट्री कंपायलर, पायथनची डेव्ह पॅकेजेस, आणि ओपनएसएसएल व जीएनयू-टीएलएस या दोन्हींची डेव्ह पॅकेजेस घ्या. शेवटची दोन हमखास विसरतात, आणि मग बिल्ड अर्ध्यावर 'हेडर सापडत नाही' म्हणून थांबतो. तो एरर तुमच्या कोडचा नसतो, घाबरू नका. 'क्यूएमू एआरएम६४'चा डेफकॉन्फिग (तयार सेटिंग) लावा, मेक करा. मग क्यूएमू चालवा: मशीन 'व्हर्ट' (क्यूएमूचा काल्पनिक बोर्ड), सीपीयू 'कॉर्टेक्स-ए५७', ग्राफिक बंद, आणि 'बायोस' पर्यायाला यू-बूटची बिन फाइल (फ्लॅशमध्ये जशीच्या तशी जाणारी). प्रॉम्प्ट आला पाहिजे. बाहेर पडायला कंट्रोल-ए दाबून सोडा, मग एक्स.

तयार यू-बूट चालवून दाखवणं म्हणजे बूटलोडर येणं नव्हे, हे मात्र स्पष्ट सांगतो. स्वतःचा दोनशे ओळींचा बूटलोडर लिहा. व्हर्ट मशीनचा नकाशा सोपा आहे: फ्लॅश शून्यापासून, प्रत्येकी ६४ एमबीच्या दोन बँका, पीएल०११ यूआर्ट (सिरीयल पोर्ट) हेक्स ९०००००० वर, रॅम हेक्स ४००००००० पासून. स्टॅक पॉइंटर लावा, 'डेटा' कॉपी करा, 'बीएसएस' पुसा, यूआर्टवर एक अक्षर पाठवा. एवढंच.

आता खरी भानगड. नव्वद टक्के ट्युटोरिअलमध्ये बूटलोडरची फाइल 'कर्नेल' या पर्यायाला द्यायला सांगतात, आणि तीही एल्फ स्वरूपात, म्हणजे लिंकर पत्त्यांच्या माहितीसकट काढतो तशी. ती चालते. लगेच चालते, म्हणूनच घात होतो. एल्फ फाइल मिळाली की क्यूएमू स्वतःच लोडर होतो. फाइलमधले प्रोग्राम हेडर वाचून प्रत्येक सेगमेंट त्याच्या पत्त्यावर नेऊन ठेवतो आणि हेडरमध्ये लिहिलेल्या एंट्री पत्त्यावर उडी मारतो. म्हणजे जे काम करायला तुम्ही बूटलोडर लिहिताय, ते तुमची पहिली ओळ चालायच्या आत उरकलेलं असतं.

याचे परिणाम एकेक करून बघा, कारण सगळं यात आहे.

लिंकर स्क्रिप्टमध्ये (कोणता भाग कुठल्या पत्त्यावर जाईल ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) 'डेटा' सेक्शनला रॅमचा पत्ता दिला, पण फ्लॅशमधला लोड पत्ता द्यायचा राहिला. एल्फ दिली तर क्यूएमू 'डेटा' थेट रॅममध्ये ठेवतो. तुमचा कॉपीचा लूप चुकीचा असला, किंवा लिहिलाच नसला, तरी ग्लोबल व्हेरिएबलची किंमत बरोबर येते. बोर्डच्या फ्लॅशमध्ये जाते ती बिन फाइल. तिथे रॅममध्ये कोणी काही ठेवलेलं नसतं. ही चूक पकडायची साधी खूण आहे: ऑब्जकॉपी या साधनाने एल्फमधून बिन काढा आणि तिचा आकार बघा. दोनशे ओळींच्या प्रोग्रामची बिन एक जीबीच्या वर गेली असेल, तर लोड पत्ता राहिलाय. शून्यापासून हेक्स ४००००००० पर्यंतची सगळी पोकळी ऑब्जकॉपी भरून काढतो, आणि ती पोकळी बरोबर एक जीबीची आहे.

दुसरा परिणाम एंट्रीचा. एल्फमध्ये एंट्री पत्ता लिहिलेला असतो, त्यामुळे स्टार्टचं फंक्शन इमेजच्या मधोमध कुठेही पडलं तरी क्यूएमू तिथे पोचतो. रीसेट झालेला प्रोसेसर एल्फ वाचत नाही. तो ठरलेल्या पत्त्यावरचा शब्द उचलतो. ऑब्जेक्ट फाइल्सचा क्रम बदलला आणि तिथे भलतंच फंक्शन आलं, की खेळ संपला. म्हणून स्टार्ट कोडला स्वतःचं सेक्शन द्या, लिंकर स्क्रिप्टमध्ये ते सगळ्यात वर ठेवा आणि 'कीप'मध्ये गुंडाळा. नाहीतर न वापरलेली सेक्शन काढून टाकणारा पर्याय लावलात, की लिंकर हा स्टार्ट कोडच उडवू शकतो. लिंकरच्या दृष्टीने त्या कोडला कोणीच हाक मारलेली नसते.

तिसरा 'बीएसएस'चा. क्यूएमूची रॅम सुरू होताना शून्य असते. 'बीएसएस' पुसणारा कोड नसला तरी काही बिघडत नाही. खऱ्या डीरॅममध्ये वीज आल्यावर काय असेल याचा नेम नाही. त्याहून वाईट म्हणजे वॉर्म (वीज न जाता झालेल्या) रीसेटनंतर तिथे मागच्या वेळचा डेटा शाबूत असू शकतो. मग दहातून एकदा हँग होणारा बोर्ड मिळतो, आणि दोष पॉवर सप्लायला दिला जातो.

कच्ची बिन 'कर्नेल'ला देऊनही सुटका नाही. तेव्हा क्यूएमू तिला लिनक्स कर्नेल समजतो, रॅममध्ये ठेवतो आणि स्वतःचा छोटा स्टब चालवून, डिव्हाइस ट्रीचा (हार्डवेअरच्या वर्णनाचा) पत्ता रजिस्टरमध्ये घालून मग तुमच्याकडे उडी मारतो. कर्नेलसाठी हे बरोबरच आहे. बूटलोडरसाठी म्हणजे परीक्षेला बसायच्या आधी कोणीतरी पेपर अर्धा सोडवून ठेवण्यासारखं.

यावर उपाय दोनच, पण दोन्ही करा. पहिला: बोर्डला जी बिन जाणार तीच, 'बायोस' पर्यायाने द्या. ती फ्लॅशच्या शून्य पत्त्यावर बसते आणि प्रोसेसर तिथूनच सुरू होतो. दुसरा: रॅम मुद्दाम घाण करा. डीडी कमांडने १२६ एमबी शून्यं काढून टीआर कमांडमधून प्रत्येक बाइट ऑक्टल २४५, म्हणजे हेक्स ए५, करून घ्या. ही फाइल क्यूएमूच्या 'लोडर' डिव्हाइसला द्या, पत्ता हेक्स ४०२०००००, आणि 'फोर्स-रॉ' चालू. १२६ का? व्हर्टची रॅम न सांगता १२८ एमबी असते आणि तिच्या अगदी सुरुवातीला क्यूएमू डिव्हाइस ट्री ठेवतो. पहिले दोन एमबी सोडले नाहीत तर दोन्ही एकमेकांवर येतात आणि क्यूएमू सुरूच होत नाही. तुमचे 'डेटा', 'बीएसएस' आणि स्टॅकही त्या दोन एमबींच्या पुढेच ठेवा. ही घाण प्रत्येक रीसेटला नव्याने भरली जाते. रॅममध्ये काही टिकवून वॉर्म रीसेट तपासायचा असेल तेव्हा ती काढा.

हे केल्यावर काल चालणारा कोड आज चालणार नाही. होऊ द्या. खरं शिकणं इथून पुढे आहे, आणि या टप्प्यावर दोन दिवस अडकणं अगदी स्वाभाविक आहे. क्यूएमू मोठ्या एस आणि छोट्या एस अशा दोन्ही पर्यायांनी सुरू करा. तो पहिल्या इन्स्ट्रक्शनवर थांबतो आणि पोर्ट १२३४ वर जीडीबी या डीबगरची वाट बघतो. एकेक इन्स्ट्रक्शन पुढे जा आणि शेजारी मॅप फाइल (लिंकरने काय कुठे ठेवलं त्याची यादी) उघडी ठेवा.

मार्गदर्शकाबद्दल एक मत आहे, ते सांगूनच टाकतो. तुमचा कोड घेऊन स्वतः दुरुस्त करून देणारा सीनियर भला माणूस असतो, पण त्याच्याकडून फार काही शिकायला मिळत नाही. 'मॅप फाइल दाखव' म्हणणारा शोधा, तो खडूस असला तरी चालेल. आणि कॉलेजांच्या आसपास विकत मिळणारे तयार प्रोजेक्ट घेऊ नका. मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नाला ते उघडे पडतात.

यू-बूटमध्ये जीडीबी वापरताना ठराविक जागी गोंधळ होतो: ब्रेकपॉइंट लागेनासे होतात. यू-बूट स्वतःला रॅमच्या वरच्या टोकाला हलवतो, त्यामुळे सिम्बॉलचे (फंक्शन-व्हेरिएबलच्या नावांचे) पत्ते जुने ठरतात. प्रॉम्प्टवर 'बीडीइन्फो' द्या, रिलोकेशनचा पत्ता घ्या, जीडीबीत जुने सिम्बॉल टाकून त्या पत्त्याने पुन्हा भरा. याच कारणाने रिलोकेशनआधीच्या कोडमध्ये ग्लोबल व्हेरिएबलला हात लावू नका. तेव्हा कोड फ्लॅशमधून चालतोय आणि 'बीएसएस' अजून अस्तित्वातच नाही. जे जपायचं ते ग्लोबल डेटा स्ट्रक्चरमध्ये.

एक्सेप्शन लेव्हलही (ईएल, म्हणजे प्रोसेसरच्या अधिकाराची पातळी) बघून घ्या. व्हर्ट काही न सांगता ईएल१ मध्ये सुरू होतो, तर बहुतेक खरे एआरएमव्ही८ चिप ईएल३ मध्ये. 'व्हर्च्युअलायझेशन' चालू केलंत तर ईएल२, 'सिक्युअर' चालू केलंत तर ईएल३. सिक्युअरमध्ये स्वतःचं फर्मवेअर दिलं की क्यूएमूची पीएससीआय (वीज चालू-बंद करणारी) सेवा बंद होते, त्यामुळे पॉवरऑफ कमांड चालली नाही तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

इमेजवरची डिजिटल सही तपासणाऱ्या बूटसाठी एक गंभीर इशारा. एमकेइमेज हे यू-बूटचं साधन सार्वजनिक किल्ली डिव्हाइस ट्रीमध्ये घालतं, पण क्यूएमूवर यू-बूट स्वतःच्या बिल्डमधली ट्री न वापरता क्यूएमूने दिलेली वापरतो. तिच्यात किल्ली नसते, 'रिक्वायर्ड' ही खूणही नसते, आणि यू-बूट कुठलीही इमेज निमूटपणे बूट करतो. तुम्हाला वाटतं पडताळणी पास झाली. मशीनच्या 'डम्पडीटीबी' पर्यायाने ट्री काढा, तिच्यात किल्ली घाला, आणि 'डीटीबी' पर्यायाने परत द्या. मग इमेजमधला एक बाइट बदला. बूट नाकारला गेला तरच तपासणी झाली.

अपडेटची चाचणी तर एम्युलेटरवरच करावी. ६४ एमबीची, म्हणजे बरोबर ६७१०८८६४ बाइटची फाइल पीफ्लॅश (फ्लॅश चिपची नक्कल) म्हणून जोडा. माप जुळलं नाही तर क्यूएमू नाकारतो. फाइल आधी ट्रंकेटने त्या मापाची करा आणि बिन डीडीने तिच्यात लिहिताना 'नोट्रंक' विसरू नका. यू-बूटचे सेव्ह केलेले एन्व्हायर्नमेंट (सेटिंग) दुसऱ्या बँकेत जातात, म्हणून दुसरी फाइलही हवी. नाहीतर सेव्ह केलेलं पुढच्या वेळी गायब. आता स्क्रिप्टने अपडेट सुरू करा, मधेच कधीही किल नऊने क्यूएमू सक्तीने बंद करा, पुन्हा सुरू करा. जुनी किंवा नवी, यातली एक इमेज उठलीच पाहिजे. हीच चाचणी बोर्डवर करायला रिले आणि अख्खी रात्र लागते.

काही गोष्टी मात्र क्यूएमू दाखवूच शकत नाही. डीरॅमचं ट्रेनिंग, क्लॉक, पिनमक्स (कुठली पिन कुठल्या कामाला) यातलं काहीच व्हर्टवर नाही. बॉड रेट (सिरीयलचा वेग) चुकला तरी अक्षरं नीट उमटतात. कॅश तर मॉडेलमध्येच नाही: कोड रॅममध्ये कॉपी करून डी-कॅश फ्लश आणि आय-कॅश इनव्हॅलिडेट न करता उडी मारलीत, तर क्यूएमू बदललेला कोड ओळखून बरोबर चालवतो, खरा कॉर्टेक्स-ए मात्र जुन्या इन्स्ट्रक्शन चालवू शकतो. या फ्लश-इनव्हॅलिडेटच्या ओळींचा परिणाम क्यूएमूवर दिसो न दिसो, त्या लिहून ठेवा.

बोर्डकडे वळाल तेव्हा बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत, यूएसबी-सिरीयल अडॅप्टर घेताना व्होल्टेज विचारून घ्या. बोर्डची यूआर्ट ३.३ व्होल्टची असेल तर ५ व्होल्टचा अडॅप्टर पिन जाळू शकतो; काही बोर्डांवर ती १.८ व्होल्टची असते. पहिल्यांदा इमेज चढवल्यावर फ्लॅश परत वाचून घ्या आणि सीएमपीने मूळ बिनशी ताडा. फरक निघाला तर आधी प्रोग्रामर आणि वायरिंग बघा. फरक नसेल आणि तरीही कन्सोल मुकाच असेल, तर स्टार्ट कोडच्या पहिल्या दहा ओळींत एक जीपीआयओ पिन (कोडने चालू-बंद करता येणारी) हलवा आणि त्या पिनवर मल्टिमीटर लावा.