"आठवतंय का?" असं विचारू नका, गोष्ट सांगा

घरात कुणाला डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश असला की आपण मायेपोटीच एक चूक करतो, जुना फोटो समोर धरून विचारतो "ओळख बघू हा कोण?" मी माझ्या आत्याला कितीतरी महिने हेच विचारत होते आणि दरवेळी तिचा चेहरा पडायचा, फळ्यासमोर उभं केलेल्या मुलीसारखा. मग कळलं की विचारायचं नाही, आपणच सांगायला घ्यायचं.

डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार अल्झायमर, त्यात नव्या आठवणी साठवणाऱ्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला लवकर धक्का बसतो, म्हणून मघाशी झालेलं बोलणं राहत नाही पण जुनं बरंच शिल्लक असतं. फ्रान्सचे मानसशास्त्रज्ञ थिओड्यूल रिबो यांनी 1881 मध्येच लिहून ठेवलंय, नवं आधी जातं, जुनं नंतर. त्यातही साधारण 10 ते 30 या वयातल्या आठवणी जास्त असतात. म्हणजे माणूस 80 वर्षांचं असेल तर गोष्ट 50 ते 70 वर्षांपूर्वीच्या काळातली घ्या, शाळेची घंटा, सायकल शिकताना फुटलेला गुडघा, पहिल्या कामाचा पहिला दिवस असं काहीतरी.

गोष्ट अगदी छोटी हवी, पाच-दहा मिनिटांची, एक माणूस, एक जागा आणि एकच घडलेली गोष्ट, जास्त पात्रं आली की धागा सुटतो. आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं, "तू तेव्हा असं केलंस" असं सांगू नका, "एक मुलगी होती, शाळा सुटली आणि धो धो पाऊस आला" असं सांगा, म्हणजे त्यात चूक-बरोबर काही उरत नाही, तिला वाटलं तर ती मुलगी तीच, नाही वाटलं तर नाही. मग मध्येच थांबा आणि म्हणा "आता काय केलं असेल गं तिनं?" अमेरिकेत अ‍ॅन बास्टिंग यांनी 1998 मध्ये टाइमस्लिप्स हा डिमेन्शिया असलेल्यांसोबत गोष्टी रचण्याचा उपक्रम सुरू केला तो याच विचारावर, आठवणीचा आग्रह सोडा, कल्पनेला वाव द्या. उत्तर काहीही येऊ दे, तेच पुढचं वाक्य.

हाताला लागेल अशी वस्तू द्या. आत्या पूर्वी कपडे शिवायची म्हणून मी एकदा बटणांचा डबा तिच्या मांडीवर ठेवला, बराच वेळ ती नुसती एकेक बटण बोटांत फिरवत बसली, मग एक मोठं काळं बटण बाजूला काढून म्हणाली "हे कोटाचं. खिशाला भोक होतं त्याच्या." कुणाचा कोट ते मला आजही माहीत नाही. मी फक्त म्हटलं "खिशाला भोक?" आणि ती पुढे दहा मिनिटं बोलत राहिली. तिचेच शब्द तिला परत द्यायचे, बस. वासावर मात्र फार भिस्त ठेवू नका कारण अल्झायमरमध्ये वास ओळखणं बऱ्याचदा लवकर कमी होतं.

टीव्ही बंद, चष्मा आणि कानाचं मशीन लावलेलं, आपण समोर, नजरेच्या पातळीवर. संध्याकाळी बऱ्याच जणांची घालमेल वाढते, तेव्हा नवीन गोष्ट नको.

मध्येच ती म्हणाली "माझी आई कुठाय?" तर "आई जाऊन किती वर्षं झाली" हे सांगू नका, तिला ते दुःख पहिल्यांदाच कळल्यासारखं होतं. "आई कशी होती गं?" एवढं विचारा. रडू आलं तर गोष्ट सोडा, हात धरून बसा, आणि तो विषय परत आपणहून काढू नका.

स्मृती परत येईल ही आशा यात धरू नका. कॉक्रेन या संस्थेच्या 2018 च्या आढाव्यातही, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासले त्यातही, अशा आठवणींच्या गप्पांचा फायदा बऱ्याचदा थोडाच आणि ठिकाणागणिक वेगळा दिसला. पण ती दहा मिनिटं ती माझ्याजवळ असते, मला तेवढं हवंय.

एक वही ठेवा, कोणत्या शब्दाला चेहरा खुलला ते लिहा. तीच गोष्ट शंभरदा चालते. दुसरं कुणी तिच्यापाशी बसणार असेल तर वही त्यांच्या हातात द्या, आमच्या वहीत पहिल्याच पानावर आहे, "काळं बटण. कोटाचं. खिशाला भोक."