मेणबत्तीच्या एका ग्रॅममधून किती उष्णता निघते? घरी मोजून बघा

पुस्तकात मेणाचं उष्मांक मूल्य दिलेलं असतं: ग्रॅममागे साधारण ४२ ते ४६ किलोज्यूल. आकडा पाठ होतो, पण तो आला कुठून हे कळत नाही. एक डबा पाणी तापवून तो स्वतः काढता येतो. अट एवढीच, की उत्तर चुकणार हे आधीच मान्य करायचं. माझ्या मते ते का चुकलं हे शोधण्यातच जास्त मजा आहे.

साहित्य फार नाही. शीतपेयाचा रिकामा ॲल्युमिनियमचा डबा, जाडसर मेणबत्ती, डबा टांगायला काहीतरी, तापमापी आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा. एकेक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा इथे कुचकामी, कारण सगळं मिळून अर्धा ग्रॅम मेणही जळत नाही. ताप बघायची तापमापीही नको, ती साधारण ४२ अंशांवर थांबते. पंखा बंद, केस बांधलेले, कागद आणि पडदे लांब. मुलं करणार असतील तर मोठं माणूस शेजारी हवं.

१. डब्यात १०० ग्रॅम पाणी घ्या आणि तापमान लिहून ठेवा.

२. मेणबत्ती छोट्या बशीवर चिकटवा आणि बशीसकट वजन करा. पहिल्या वेळी मी नुसत्या मेणबत्तीचं वजन केलं होतं. ओघळून बशीत पडलेलं मेणही जळालं असं धरलं गेलं आणि उत्तर आलं ग्रॅममागे ११ किलोज्यूल! बशी काट्यावर ठेवली की ओघळ वजनातच राहतो.

३. मेणबत्ती पेटवा. ज्योतीचं टोक डब्याच्या बुडापासून दोनेक सेंटिमीटर खाली असू द्या. पहिले काही क्षण बुडाकडे नीट बघा, थंड पत्र्यावर धुकं धरतं. डबा गळत नाहीये. मेणातल्या हायड्रोजनशी हवेतला ऑक्सिजन जोडला जाऊन ते पाणी आत्ता, तुमच्यासमोर तयार झालं आहे. पत्रा तापला की ते उडून जातं.

४. काडीने हळूहळू ढवळत राहा. तापमान २० अंशांनी वाढलं की ज्योत विझवा, पण फुंकर मारू नका. फुंकल्यावर जो पांढरा धूर निघतो तो धूर नसून मेणाची न जळलेली वाफ असते. ती वजनातून जाते, पण उष्णता देत नाही. तारेने वात वितळलेल्या मेणात बुडवा आणि लगेच सरळ करा, मग धूर जवळजवळ होतच नाही.

५. पुन्हा ढवळा, सर्वांत जास्त चढलेलं तापमान लिहा आणि बशीसकट पुन्हा वजन करा.

आता हिशेब. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला ४.१८ ज्यूल लागतात. म्हणून १०० × ४.१८ × २० = ८,३६० ज्यूल, म्हणजे ८.३६ किलोज्यूल. समजा ०.४० ग्रॅम मेण जळालं, तर ८.३६ ÷ ०.४० = २०.९ किलोज्यूल प्रतिग्रॅम. पुस्तकातल्या आकड्याच्या निम्मंसुद्धा नाही!

उरलेली उष्णता गेली कुठे? पहिला संशय डब्यावर येतो, पण तो निर्दोष आहे. १५ ग्रॅम ॲल्युमिनियम २० अंश तापायला जेमतेम २७० ज्यूल लागतात. खरा चोर डब्याच्या बाजूने वर निघून जाणारी गरम हवा. दुसरा चोर बुडाला लागलेली काजळी: तो न जळलेला कार्बन आहे. कार्बन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड झाला तर मोलमागे (मोल म्हणजे अणू-रेणूंची एक ठरावीक, प्रचंड मोठी संख्या) ३९३.५ किलोज्यूल मिळतात, अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइडवर थांबला तर फक्त ११०.५. काजळी होऊन बसला तर काहीच नाही. प्रयोगशाळेत म्हणूनच इंधन पोलादी भांड्यात, दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये जाळतात आणि ते अख्खं भांडंच पाण्यात बुडवलेलं असतं.

आणि ही उष्णता मुळात येते कुठून? ‘इंधनातले बंध तुटतात आणि ऊर्जा बाहेर पडते’ असं सर्रास सांगितलं जातं. नेमकं उलटं आहे. बंध तोडायला ऊर्जा मोजावी लागते, ती मिळते नवे बंध जुळताना. मेणाची साखळी लांबलचक असते, म्हणून हिशेब मिथेनचा करू. त्याच्या एका रेणूला ऑक्सिजनचे दोन लागतात. एका मोलसाठी कार्बन-हायड्रोजनचे चार बंध (प्रत्येकी ४१३) आणि ऑक्सिजनचे दोन (प्रत्येकी ४९८) तोडायचा खर्च २,६४८ किलोज्यूल. कार्बन डायऑक्साइडमधले दोन (प्रत्येकी ७९९) आणि पाण्यातले चार बंध (प्रत्येकी ४६३) जुळताना जमा ३,४५०. शिल्लक ८०२. पुस्तकात मात्र ८९० सापडेल, कारण त्यात तयार झालेल्या वाफेचं पाणी होतानाची उष्णताही धरलेली असते, मोलमागे ४४ आणि पाण्याचे मोल दोन. डब्याच्या बुडावरचं धुकं आठवतंय? तीच ही उष्णता. काडी ओढून आपण फक्त सुरुवातीचा खर्च भागवतो.

इथेनॉल ग्रॅममागे २९.७ किलोज्यूलच का देतं, हेही आता लक्षात येईल. त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे, म्हणजे ते थोडंसं जळून आलेलंच इंधन. ते मोजायचं असेल तर बंद झाकणाचा स्पिरिटचा दिवाच वापरा आणि पेटता असताना त्यात स्पिरिट कधीही ओतू नका.

पुढच्या फेरीत डबा आणि ज्योत यांच्याभोवती ॲल्युमिनियम फॉइलचं आवरण करा आणि सगळं पुन्हा मोजा. आकडा वर सरकला पाहिजे. खालून हवा यायला दोन बोटं जागा मात्र सोडा, नाहीतर ज्योत गुदमरते, बूड काळं होतं आणि आवरणाने वाचवलेलं काजळीत जातं.