हस्तलिखित घेऊन पुण्याला निघण्याआधी

सोलापूरहून पुण्याला जाणाऱ्या हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट काढण्याआधी आपण नेमकं कोणाला भेटायला चाललोय ते ठरवा. लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करणारे एजंट मराठीत जवळजवळ नाहीतच, इथे लेखक थेट प्रकाशकापुढे नाहीतर संपादकापुढे बसतो. पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद मोठ्या प्रकाशनाकडे जावा असं वाटत असेल, तर एजंट लागतो. तो साधारण १५ टक्के घेतो, पण लेखकाला पैसे मिळाल्यावर, त्यातूनच. नुसतं वाचायचे पैसे मागणाऱ्याच्या दारात जाऊ नका. समोर कोणीही असो, तयारी सारखीच लागते.

सगळ्यात जास्त दिवस बोलण्याच्या तयारीला द्या. पहिल्या भेटीत मी वीस मिनिटं एकामागून एक प्रकरणं सांगत राहिले. संपादकांनी शांतपणे विचारलं, "यात नेमकं कोणाला काय हवंय?" चार वर्षं लिहिलेल्या कादंबरीबद्दल मला एक वाक्य सुचेना. घरी आल्यावर शेजारच्या अक्कांना गोष्ट सांगायला बसले. आमच्या पूर्व भागात विड्या वळता वळताच ऐकणं होतं. गिरणी, संप, युनियन असं सांगत होते तोवर मांडीवरच्या सुपात त्यांचे हात चालूच होते, पान, तंबाखू, दोरा. मग मी म्हटलं, "गिरणी बंद पडली तरी बाप अकरा महिने रोज डबा घेऊन घरातून निघत होता." दोरा बोटातच राहिला. "मग घरी कळलं कसं?" अक्कांनी विचारलं. आता मी सुरुवात तिथूनच करते. तुम्हीही अशा माणसासमोर बोलून बघा, साहित्यिक मित्रासमोर नको. दोन मिनिटांत संपेल इतकंच ठेवा, आणि पाठ म्हणू नका.

त्या प्रकाशनाची अलीकडची दोन-तीन पुस्तकं हिराचंद नेमचंद वाचनालयात मिळतात का बघा आणि खरोखर वाचा. ते कविता छापतच नसतील तर कवितासंग्रह घेऊन अडीचशे किलोमीटर कशाला जायचं?

पिशवीत पहिली तीन प्रकरणं छापून घ्या: कागदाच्या एकाच बाजूला, ओळींमध्ये मोकळी जागा सोडून, प्रत्येक पानावर नाव, फोन आणि पानाचा आकडा. सोबत एक पानी सारांश हवा आणि त्यात शेवटही सांगितलेला हवा. संपादकाला उत्सुकतेत ठेवण्यात काही अर्थ नाही. संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये पेनड्राइव्हवर ठेवा आणि स्वतःला ईमेलही करा. मूळ वही घराबाहेर काढू नका. पहिल्या भेटीत शेंगाचटणीचा डबाही नको, समोरच्याला अवघडल्यासारखं होतं.

कराराचा कागद पुढे आलाच तर त्याच दिवशी सही करू नका, घरी आणून वाचा. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हक्क लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ते पाच वर्षांसाठी आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते दिले असं धरतात. म्हणून मुदतीची ओळ आधी शोधा. अनुवाद, ऑडिओ आणि चित्रपटाचे हक्क त्याच एका ओळीत कोंबलेत का, तेही बघा. मानधन छापील किमतीवर की प्रत्यक्ष विक्रीवर, हे तोंडावर विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

संध्याकाळच्या परतीच्या गाडीत, दौंड यायच्या आत, त्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. पुन्हा फोन कधी करायचा हे सांगितलं असेल तर ती तारीख घरी पोचल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.