गुलमर्ग झालं, आता आल्प्सला जायचंय? रिसॉर्ट असं निवडा

गेल्या महिन्याभरात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. गुलमर्गला स्कीइंगचा कोर्स केला, वळणं नीट घेता येतायत, घाबरायला होत नाही, आता आल्प्समध्ये कुठं जाऊ? सोलापूरसारख्या उन्हाच्या गावातनं लोक बर्फावर जायचं म्हणतायत याचा मला लई आनंद होतो, म्हणून जरा सविस्तरच लिहितोय.

पहिलं म्हणजे नाव आणि किलोमीटर बघून बुकिंग करू नका. फ्रान्सच्या थ्री व्हॅलीजमध्ये 600 किलोमीटर पिस्ट (स्कीसाठी तयार केलेल्या उतारवाटा) आहेत, खरंय, पण आठवड्यात तुम्ही त्यातल्या किती करणार? तुमच्या लेव्हलच्या पिस्ट किती आहेत, त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत का, आणि संध्याकाळी थकल्यावर हॉटेलपर्यंत उतरायला सोपी वाट आहे का, एवढं बघा. हे तिसरं मी पहिल्या ट्रिपला बघितलंच नव्हतं. दिवसभर वर निळ्या (म्हणजे सोप्या) पिस्टवर मस्त चाललं होतं, साडेतीनला खाली निघालो तर गावाकडं उतरणारी एकच पिस्ट आणि ती लाल, म्हणजे अवघड, दिवसभर लोकांनी घासून वरचा भुसभुशीत थर गेलेला आणि खाली काचेसारखा कडक बर्फ, स्कीच्या कडा धरेनातच. बायको मधेच थांबली, तिच्या पोटऱ्या थरथरत होत्या. शेवटी आडवं आडवं सरकत मधल्या स्टेशनला पोचलो आणि गोंडोलानं (तारेवरच्या बंद डब्याच्या लिफ्टनं) खाली आलो.

त्यामुळं आता मी आधी पिस्ट मॅप काढतो. प्रत्येक रिसॉर्टच्या साईटवर फुकट मिळतो. मोठ्या कागदावर प्रिंट काढा, हॉटेलच्या गावावर बोट ठेवा आणि फक्त निळ्या रेषांवरनं वर-खाली फिरवून बघा, मग लाल धरून परत एकदा. बोट जिथं अडकलं तिथं तुम्ही पण अडकणार. गावाकडची वाट लाल किंवा काळी असेल तर लिफ्टनं खाली येता येतं का आणि शेवटची लिफ्ट कितीला, हे लिहून ठेवा. बऱ्याच ठिकाणी चार-साडेचारला लिफ्ट बंद होतात.

रंगांचं पण समजून घ्या. ऑस्ट्रियात निळी म्हणजे साधारण 25 टक्के उतारापर्यंत (100 मीटर पुढं गेलात की 25 मीटर खाली), लाल 40 टक्क्यांपर्यंत, त्यापुढं काळी. फ्रान्समध्ये निळीच्या खाली अजून एक हिरवी असते. पण एका गावची लाल दुसऱ्या गावच्या लालसारखी असेलच असं नाही. ऑस्ट्रियातल्या सांक्ट आंटोनच्या निळ्या पिस्ट बऱ्याच जणांना लाल वाटतात, आणि फ्रान्सचं शामोनी तर मुरलेल्या लोकांचं गाव, तिथं दुसऱ्या-तिसऱ्या ट्रिपला जा.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा इटलीतलं आल्ता बादिया किंवा व्हाल गार्देना. रुंद, नीट रोलर फिरवलेल्या पिस्ट, आणि सेला रोंदा नावाचा फेरा, एका डोंगराला चार घाटांवरनं प्रदक्षिणाच म्हणा, लिफ्ट धरून साधारण 40 किलोमीटर. इंटरमिजिएट माणूस एका दिवसात करू शकतो. नारिंगी पाट्या घड्याळाच्या दिशेनं, हिरव्या उलट दिशेनं, नवीन असाल तर हिरवी धरा. सकाळी लवकर निघा आणि साडेतीनपर्यंत शेवटचा घाट ओलांडा, नाहीतर दुसऱ्याच खोऱ्यात अडकाल आणि टॅक्सीचे पैसे जातील. शाकाहारी असाल तर इटलीच सोपी, पास्ता-पिझ्झा कुठंही मिळतो. आम्ही कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेतोच, थंडीत अकरा वाजता चेअरलिफ्टवर खिशातनं काढलेला भाकरीचा तुकडा काय लागतो सांगू!

ऑस्ट्रियात जायचं असेल तर झालबाख, 270 किलोमीटर पिस्ट. तिथं डोंगर फार उंच नाहीत आणि झाडं बरीच आहेत. हे महत्त्वाचंय, कारण ढग उतरले की झाडांमुळं उतार कळतो, उघड्या डोंगरावर सगळं पांढरं होऊन वर-खाली समजत नाही. उलट फ्रान्सच्या व्हाल तोरांससारखं 2300 मीटरवरचं गाव बर्फाला खात्रीचं, पण झाडं नाहीत.

घरातलं कोणी स्की करणार नसेल तर स्वित्झर्लंडचं वेंगेन-ग्रिंडेलवाल्ड बघा, रेल्वेनं वर जाता येतं. महाग आहे मात्र.

कधी जायचं? फेब्रुवारीत युरोपातल्या शाळांना सुट्ट्या, लिफ्टला रांगा आणि रेट डबल. जानेवारीचा दुसरा पंधरवडा चांगला, म्हणजे आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वरांची यात्रा करायची, गड्ड्यावर (यात्रेच्या जत्रेत) फिरायचं आणि मग निघायचं. थंडी कडक असते, पण पिस्ट मोकळ्या. मार्चमध्ये दिवस मोठा, पण दुपारी दक्षिणेकडच्या उतारांवर चिखल्या बर्फ होतो, तेव्हा उत्तरेकडचे उतार जास्त असलेलं ठिकाण घ्या.

व्हिसाला लागणारा 30,000 युरोचा इन्शुरन्स काढालच, पण त्यात स्कीइंग धरलंय का ते वाचा, बऱ्याच पॉलिसीत वेगळं ॲड करावं लागतं. डोंगरावरनं हेलिकॉप्टरनं खाली आणायचा खर्च त्यात असलाच पाहिजे.