जुनी बाइक घेताय? चेसिस नंबर शोधताना या चुका टाळा

पुण्यात जुनी दुचाकी मिळणं अवघड नाही. ती आपल्या नावावर होणं, हे खरं काम. आणि ते बऱ्याचदा एकाच ठिकाणी अडतं: आरसीवर एक चेसिस नंबर (गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला ओळख नंबर), गाडीवर दुसराच, किंवा गाडीवर काही दिसतच नाही. ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० सोबत चेसिसचा पेन्सिल प्रिंट लागतो, म्हणजे नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनं उठवलेला ठसा. १५ वर्षं झालेली गाडी री-पासिंगला, म्हणजे नोंदणीच्या नूतनीकरणाला नेली की संगम पुलाजवळच्या आरटीओत इन्स्पेक्टर नंबर पाहणारच. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, बुक करतानाही चेसिस आणि इंजिन नंबर विचारतात. म्हणून नंबर लोखंडावर वाचायचा, स्वतःच्या डोळ्यांनी, आणि इसार द्यायच्या आधी. विकणाऱ्याला राग आला तर येऊ द्या.

इंजिन नंबरलाच चेसिस नंबर समजणं

सगळ्यात जास्त होणारी चूक ही. इंजिनाच्या क्रँककेसवर खालच्या बाजूला एक नंबर ठोकलेला असतो, तो चटकन दिसतो, माणूस त्याचा फोटो काढतो आणि खूश होतो. तो इंजिन नंबर. जुन्या गाडीत इंजिन बदललेलं असू शकतं, आणि तसं असेल तर आरसीवर त्याची नोंद हवी. चेसिस नंबर सांगाड्यावरच शोधायचा.

आणखी एक गफलत म्हणजे ओतीव अक्षरं. इंजिनाच्या केसिंगवर, ब्रॅकेटवर, फूटरेस्टच्या लोखंडावर वर उठून आलेले आकडे दिसतात, ते पार्ट नंबर. चेसिस नंबर साधारणपणे ठशांनी आत ठोकलेला असतो. नख फिरवलं की खाच लागते.

२००० नंतरच्या काही वर्षांतल्या हिरो होंडा गाड्यांत ओळखायची एक सोपी खूण आहे. नंबर साधारण ११ अक्षरांचा, सुरुवातीचे दोन आकडे वर्षाचे (०५ म्हणजे २००५), आणि मधल्या अक्षरात फरक: चेसिसवर ‘एफ’, इंजिनावर ‘ई’. दोन्ही नंबर बाकी इतके सारखे दिसतात की एजंटसुद्धा फॉर्मवर उलटसुलट लिहितात.

हँडल न वळवताच ‘नंबर नाहीये’ म्हणणं

बहुतेक मोटरसायकलींचा नंबर हँडल ज्या उभ्या नळीत फिरतं तिच्यावर असतो, म्हणजे हेड ट्यूबवर, पुष्कळदा उजव्या बाजूला. गाडी मेन स्टँडवर घ्या, हँडल पूर्ण डावीकडे वळवा आणि उजवीकडून वाकून बघा. तिथं क्लचची केबल, मीटरची केबल आणि वायरिंगचा जुडगा आडवा आलेला असतो. तो बाजूला धरायला दुसरा माणूस लागतो. नंबर इथं नसला तर समोरून खाली उतरणारी नळी बघा, मग सीट काढून मागचा सांगाडा. पाऊण तास गेला तरी चालेल. टाकीखाली हात घालून चाचपडू नका, टाकी बोल्ट सोडवून काढता येते.

काही जुन्या गाड्यांना रिव्हेटनं मारलेली पत्र्याची पट्टीही असते. तिच्यावर सगळा भरवसा ठेवू नये. पट्टी एका गाडीवरून काढून दुसरीवर बसवता येते, नळीवर ठोकलेले आकडे तसे उचलून नेता येत नाहीत. पट्टी आणि नळी दोन्हींवर नंबर असतील तर ते जुळलेच पाहिजेत.

वायर ब्रश आणि ग्राइंडर

इथं जरा थांबून वाचा, कारण या चुकीला माघार नाही. नंबर धुळीत, ग्रीसमध्ये, रंगाच्या दोन-तीन थरांखाली असतो. मेकॅनिक म्हणतो, ‘दोन मिनिटांत साफ करतो’, आणि वायर ब्रशचं चाक लावतो. ठशांची खोली मिलिमीटरच्या आतली. आधीच गंजानं निम्मी खाल्लेली. ग्राइंडर फिरला की खाच उरत नाही, आणि उरलेली चमकदार घासलेली जागा बघून इन्स्पेक्टरला वेगळाच संशय येतो. सँडपेपरचंही तेच, फक्त हळू.

पद्धत अशी: रॉकेल किंवा डिझेल लावलेली चिंधी जागेवर अर्धा तास ठेवा. मग जुन्या टूथब्रशनं, हलक्या हातानं, गोल गोल. रंग जाड असेल तर चिंधीवर थोडं थिनर घेऊन तेवढ्याच जागेवर दाबून धरा, रंग मऊ पडला की पुसा. खरवडायची घाई झालीच तर लाकडाची काडी वापरा, स्क्रू ड्रायव्हर नाही. जागा कोरडी झाली की पांढरा खडू आडवा फिरवा आणि वरवर कापडानं पुसा. खडू खाचांत राहतो, वरचा निघून जातो, आणि मघाशी ज्याला तुम्ही ‘८’ म्हणत होतात तो ‘६’ निघतो. मोबाइलचा टॉर्च समोरून मारू नका, चकाकी येते. बाजूनं, जवळजवळ नळीला टेकवून धरा, म्हणजे प्रत्येक खाचेची सावली पडते.

फोटो मागच्या कॅमेऱ्यानं काढा. जागा अडचणीची म्हणून लोक सेल्फी कॅमेरा घुसवतात आणि काही फोन चित्र उलटं करून ठेवतात. मग ‘२’ की ‘५’ यावर घरी वाद.

पेन्सिल प्रिंटचं म्हणाल तर एचबी पेन्सिल कडक पडते. मऊ शिशाची घ्या, पातळ कागद नळीवर चिकटपट्टीनं घट्ट बसवा आणि पेन्सिल आडवी धरून एकाच दिशेनं फिरवा. कागद हलला की आकडे दुहेरी उठतात आणि तो प्रिंट बाद. दोन-तीन काढून ठेवा, आरटीओतला एक हरवतोच.

मोबाइलवर बघून समाधान मानणं

‘एम-परिवहनवर सगळं दिसतं की!’ या सरकारी अ‍ॅपवर दिसतं, पण चेसिस नंबर पूर्ण दिसत नाही, काही आकड्यांच्या जागी फुल्या असतात. शिवाय जुन्या हाताने लिहिलेल्या आरसी बुकातली नोंद पुढे संगणकात भरताना कुणीतरी ‘०’ चा ‘ओ’ केलेला असू शकतो, ‘८’ चा ‘बी’, ‘५’ चा ‘एस’.

आता एक उपयोगी गोष्ट. गाडीचा नंबर १७ अक्षरांचा असेल तर त्यात ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरं कधीच वापरत नाहीत, ‘१’ आणि ‘०’ शी घोळ होऊ नये म्हणून. त्यामुळे अशा गाडीच्या आरसीवर ‘ओ’ दिसला तर ती टायपिंगची चूक आहे, गाडीत खोट नाही. पहिली तीन अक्षरंही ताडून बघा: बजाजला ‘एमडी२’, हिरोला ‘एमबीएल’, टीव्हीएसला ‘एमडी६’, रॉयल एनफिल्डला ‘एमई३’. पल्सरवर ‘एमबीएल’ दिसला तर तिथूनच घरी परत या.

पण हा नियम आरएक्स १००, राजदूत, जुनी येझदी अशा जुन्या काळच्या गाड्यांना लावायला जाऊ नका. त्या काळातले नंबर आखूड असतात. १७ मोजून भरत नाहीत म्हणून चांगल्या गाडीला चोरीची ठरवणारे वीर जुन्या बाजारात रविवारी हमखास भेटतात.

रंगवायला देताना गप्प बसणं

गाडी घेतली, आता सांगाडा पावडर कोटिंगला द्यायचा. सँडब्लास्टिंगची वाळू ठसे खाते आणि वरून पावडरचा जाड थर बसतो. द्यायच्या आधी प्रिंट आणि फोटो काढून ठेवा, नंबरावर मास्किंग टेपचे चार-पाच थर द्या आणि कोटिंगवाल्याला जागा बोट ठेवून दाखवा. ‘सांगितलं होतं की फोनवर’ याला पुण्यात काय, कुठंच किंमत नाही. नंतर त्या जागेवर पातळ लॅकरचा एक हात पुरतो.

संशय आला तरी पुढे जाणं

एका ओळीतले आकडे वरखाली, एखादा जास्त खोल, एखाद्याचं वळण वेगळं, आजूबाजूला वेल्डिंगचा फुगवटा किंवा पुट्टी, बाकी सांगाडा गंजलेला आणि तेवढाच चौकोन गुळगुळीत. यातलं काही दिसलं तर व्यवहार थांबवा. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या) पोर्टलवर गाडीचा, चेसिसचा आणि इंजिनाचा नंबर टाकून चोरीची नोंद आहे का ते बघता येतं. पण तिथं काही सापडलं नाही म्हणजे गाडी शुद्ध, असा अर्थ काढू नका. खोटा नंबर यादीत कसा सापडेल?

नंबर नुसता गंजून गेला असेल तर मार्ग आहे, पण तो आरटीओतून जातो. मालकानं अर्ज करायचा, इन्स्पेक्टर गाडी तपासणार, आणि परवानगी मिळाल्यावरच नंबर पुन्हा ठोकायचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२२ प्रमाणे गाडीवर हे नंबर असणं बंधनकारक आहे, म्हणून काही जण नाना पेठेतून ठशांचा सेट आणून घरीच हातोडी मारतात. आकडे अगदी बरोबर असले तरी ती छेडछाडच धरली जाते.

आरसीवरचं एखादं अक्षर चुकलं असेल तर ते दुरुस्त करणं जुन्या मालकाच्या नावावर गाडी असतानाच सोपं पडतं, कारण मूळ बुक, विम्याचे कागद, सही सगळं त्याच्याकडे असतं. तो म्हणेल, ‘आरटीओत आपला माणूस आहे, होऊन जाईल.’ मग त्या माणसाकडून आधी करून घ्या म्हणावं, पैसे त्यानंतर.